लाईट सुरू होण्याआधीचे चार दिवस

माझ्या पुतण्याच्या वीर्यतपासणीचा पहिला अहवाल हातात आला, तेव्हा मिरजेतील त्या प्रयोगशाळेच्या पायरीवर उभा राहून मी तो तीन वेळा वाचला. शुक्राणूंच्या रकान्यात शून्य लिहिले होते. पुतण्या २७ वर्षांचा आहे, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतो, आणि त्या अहवालाच्या १४ महिने आधी त्याच्या गुदाशयाच्या कर्करोगावरील रेडिएशन पूर्ण झाले होते. उपचार उत्तम झाला. गाठ विरघळली, नंतरची शस्त्रक्रिया नीट पार पडली, आजवरच्या प्रत्येक तपासणीत तो निरोगी निघाला आहे, आणि ज्या डॉक्टरांनी त्याला वाचवले त्यांच्याविषयी आमच्या घरात कृतज्ञताच आहे. तरीही उपचाराआधी वीर्याचा नमुना गोठवून त्या शून्याची तरतूद करून ठेवता आली असती, हे मला स्वस्थ बसू देत नाही. त्याच्या संमतीने, किंबहुना त्याच्याच आग्रहावरून, मी हे लिहीत आहे.

मी ३१ वर्षे सांगली जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवले. विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला, हे दरवर्षी सांगताना मी मुलांना एक जोडही देत असे की, त्याच्या आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी आपल्या मिरजेत रुग्णालय सुरू केले होते. पुढे मिरज वैद्यकीय नगरी झाली. आजही अथणी, चिकोडी, जमखंडीपासून आणि इकडे जत, आटपाडीपासून माणसे हातात फिल्मची पिशवी घेऊन मिरज स्टेशनवर उतरतात. अशा गावाच्या आसऱ्याने राहणाऱ्या, हाच विषय आयुष्यभर शिकवलेल्या माणसाच्या घरात ही चूक झाली.

आमच्या घरात किरणांचा प्रश्न त्याआधीही एकदा आला होता, आणि तो अगदी उलट्या रूपात आला होता. माझ्या सुनेला तीन आठवडे खोकला होता. क्षयाची शंका नको म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला. फोटो स्वच्छ आला, औषधाने खोकलाही गेला, आणि दहा दिवसांनी कळले की, फोटो काढला तेव्हा तिला दिवस गेलेले होते. घरात आनंदाऐवजी शोककळा पसरली. नात्यातील एका बाईंनी सांगितले की, मूल अपंग होईल. शेजारणीने तिच्या माहेरचे उदाहरण दिले. एका डॉक्टरांनीही, पुरेसा विचार न करता, ‘पहिलाच महिना आहे, धोका कशाला घेता, मोकळे व्हा,’ असा सल्ला दिला. सून संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘मामा, तुम्ही शाळेत हेच शिकवायचात ना? मग खरं सांगा, बाळाला काही झालं असेल का?’

मी कागद घेऊन बसलो. माणसाला निसर्गातूनच, म्हणजे जमिनीतील खनिजांतून, हवेतील रेडॉन वायूतून, अन्नातून आणि आकाशातून, वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट (शरीरावरील परिणामाच्या हिशेबाने मात्रा मोजण्याचे एकक) इतके प्रारण, म्हणजे रेडिएशन, मिळत असते. छातीच्या एका फोटोने मिळणारी मात्रा सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट असते, म्हणजे निसर्ग तीन दिवसांत जितके देतो तितकीच. शिवाय फोटोचा झोत छातीवर असतो, गर्भाशयावर नसतो. पोटातील गर्भापर्यंत पोहोचते ती मात्रा ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी असते (ग्रे हे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचे एकक, आणि एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे). गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली असेल, तर केवळ त्या कारणासाठी गर्भपाताचा सल्ला देऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाची स्पष्ट भूमिका आहे. माझ्या सुनेच्या गर्भाला मिळालेली मात्रा त्या मर्यादेच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान होती. तरी मी तिला केवळ माझ्या गणितावर अवलंबून राहू दिले नाही. दुसऱ्या दिवशी मिरजेतील एका ज्येष्ठ रेडिऑलॉजिस्टकडे तिला नेले. त्यांनी तेच सांगितले आणि ते लिहूनही दिले. माझी नात आता अंगणवाडीत जाते.

ही हकिगत इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, ज्या घराने छातीच्या एका फोटोवरून पाच दिवस अन्न गोड मानले नाही, त्याच घराने दोन वर्षांनी पन्नास ग्रेच्या उपचाराला तरुण मुलाला पाठवताना त्याच्या भावी संततीविषयी एक शब्दही विचारला नाही.

पुतण्याचे निदान झाले तेव्हा तो २५ वर्षांचा होता. दोन महिने शौचावाटे रक्त जात होते आणि तो मूळव्याध समजून गावातच औषध घेत होता. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासला, आणि मग उपचाराचा क्रम ठरला: आधी रेडिएशन आणि सोबत केमोथेरपीच्या गोळ्या, नंतर शस्त्रक्रिया. आमच्याकडे रेडिएशनला ‘लाईट घेणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात. या शब्दांनी माणसाचा धीर टिकतो हे खरे, पण त्यातून मात्रेची कल्पना मात्र अजिबात येत नाही. त्याला २८ वेळा लाईट मिळणार होता, प्रत्येक वेळी १.८ ग्रे, म्हणजे एकूण ५०.४ ग्रे.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघे होतो: पुतण्या, माझे थोरले बंधू आणि मी. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, जुलाब लागतील, लघवीला जळजळ होईल, कातडी काळवंडेल, थकवा येईल. बंधूंनी खर्चाचे विचारले. मी यंत्राचे विचारले, कारण मला त्यात रस होता. संमतीपत्र इंग्रजीत छापलेले होते, त्यावर पुतण्याने सही केली. पुढे शून्याचा अहवाल आल्यावर मी त्या कागदाची प्रत शोधून काढली, तेव्हा दुष्परिणामांच्या यादीत वंध्यत्वाचा शब्द छापलेला दिसला. तो कोणी वाचून दाखवला नव्हता आणि आम्हीही वाचला नव्हता.

पुतण्याने मला नंतर सांगितले की, हा प्रश्न त्याच्या मनात त्याच दिवशी आला होता. ‘काका, पण दादा समोर बसले होते. त्यांच्यासमोर कसं विचारणार?’ आमच्या भागातील कोणत्याही मुलाला हे वाक्य परके वाटणार नाही. वडिलांना तो दादा म्हणतो, त्यांच्यासमोर कधी मोठ्याने हसतही नाही. डॉक्टरांनी दोन मिनिटांसाठी आम्हा वडीलधाऱ्यांना बाहेर बसवले असते, तर कदाचित तो बोलला असता. आणि डॉक्टरांनी ते केले नाही, तर मी स्वतः उठून बंधूंना चहाच्या निमित्ताने बाहेर न्यायला हवे होते. मला ते सुचले नाही.

नंतर पोटाचा सिटीस्कॅन झाला, कमरेवर आणि मांड्यांवर शाईच्या खुणा केल्या गेल्या, आणि भौतिकशास्त्रज्ञ किरणांचा आराखडा तयार करीपर्यंत चार दिवस थांबायला सांगितले. पहिला लाईट मंगळवारी होता. त्या चार दिवसांत आम्ही नृसिंहवाडीला दर्शन घेऊन आलो, त्याने बागेतील एक फवारणी उरकून घेतली, नातेवाईक भेटून गेले. वीर्याचा नमुना देऊन तो गोठवून ठेवायला एवढे दिवस पुरेसे होते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन नमुनेही देता आले असते. सांगली-मिरजेत वंध्यत्वावरील उपचारांची केंद्रे आहेत, आणि तो नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षे टिकतो. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने अशा साठवणुकीला नोंदणीकृत संस्थांची चौकट आणि दहा वर्षांची मुदतही घालून दिली आहे.

यात मला सर्वांत जास्त बोचते ते हे की, हे तंत्र आमच्या गावाला नवे नाही. दूध संस्थेचा डॉक्टर मोटारसायकलीवर नायट्रोजनचे भांडे बांधून गोठ्यागोठ्यांत फिरतो, त्यातून रेताची कांडी काढतो आणि म्हैस भरवतो, हे आमच्याकडची शाळकरी मुलेही पाहत आली आहेत. वळूची वंशावळ विचारून कांडी निवडणारे आम्ही लोक, घरातील मुलाच्या बाबतीत मात्र हे शक्य आहे, एवढेही आठवू शकलो नाही.

आता प्रत्यक्ष घडते काय, ते सांगतो. पुतण्याला मी जे समजावले, तेच इथे मांडतो, आणि त्याला ते बागेच्या भाषेत लगेच कळले. द्राक्षाला जीए (मणी व घड वाढवणारे जिबरेलिक आम्ल) देताना पोपटी अवस्थेत १० पीपीएमचे, म्हणजे दहा लाखांत दहा भागांचे, द्रावण घेतात. तेच औषध, तोच पंप, पण मात्रा चुकली तर घडाचा दांडा राठ होतो आणि मणी बिघडतात. शिवाय तीच मात्रा दुसऱ्या अवस्थेत दिली तर परिणाम वेगळा होतो. किरणांचेही तसेच आहे. मात्रा किती, ती शरीराच्या कोणत्या भागावर पडली आणि त्या भागातील पेशी कोणत्या अवस्थेत होत्या, या तीन गोष्टी कळल्याशिवाय ‘रेडिएशन वाईट’ किंवा ‘रेडिएशनने काही होत नाही’ ही दोन्ही विधाने निरर्थक आहेत.

वृषणातील शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशी सतत विभागत असतात, आणि विभागणाऱ्या पेशींवर किरणांचा घाव सर्वांत आधी बसतो. एकाच वेळी सुमारे ०.१५ ग्रे इतकी अल्प मात्रा वृषणाला मिळाली, तरी शुक्राणूंची निर्मिती काही काळ थांबू शकते. साधारण ३.५ ते ६ ग्रे मात्रेने ती कायमची बंद पडू शकते. पुतण्याच्या झोताचा रोख वृषणावर नव्हता, तो गुदाशयावर होता. परंतु शरीरात शिरलेले किरण आतल्या आत विखुरतात. ५० ग्रेच्या दोन-तीन टक्के जरी वृषणापर्यंत पोहोचले, तरी ते एक ते दीड ग्रे होतात. इथे आणखी एक गोष्ट आहे, जी मला स्वतःला पूर्वी माहीत नव्हती. इतर बहुतेक अवयवांना मात्रा थोडी थोडी विभागून दिली तर त्यांना सावरायला अवधी मिळतो, आणि म्हणूनच लाईट २८ दिवसांत वाटून देतात. शुक्राणूंच्या मूळ पेशींचे मात्र उलट आहे. त्यांना विभागून दिलेली मात्रा एकदम दिलेल्या मात्रेपेक्षा अधिक घातक ठरते, कारण रोज नव्या पेशी विभाजनाच्या नाजूक टप्प्यात सापडत जातात.

एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून परिणाम त्याच आठवड्यात दिसत नाही. उपचार सुरू झाल्यावर काही दिवस नमुन्यात शुक्राणू आढळतात, परंतु त्यांच्या जनुकांना इजा झालेली असू शकते, त्यामुळे नमुना पहिल्या लाईटच्या आणि पहिल्या केमोच्या आधीच द्यायचा असतो. पुरुषी संप्रेरक (हार्मोन) बनवणाऱ्या पेशी या मानाने चिवट असतात. त्यांना इजा व्हायला प्रौढ माणसात ३० ग्रेच्या आसपास मात्रा लागते. म्हणूनच दाढी-मिशी, आवाज, इच्छा, शरीरसंबंध हे सगळे पूर्वीसारखे असतानाही शुक्राणू शून्य असू शकतात. आमच्याकडे वंध्यत्व आणि नपुंसकत्व हे एकच समजले जाते, आणि या गैरसमजामुळे कित्येक मुले तपासणीलाच जात नाहीत. पुतण्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा आणि केमोथेरपीचाही थोडाफार वाटा असू शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले. पण सर्वांत मोठा वाटा किरणांचाच.

शून्य म्हणजे कायमचे शून्य, असेही नाही. दोन ग्रेच्या आतील मात्रेनंतर निर्मिती पुन्हा सुरू व्हायला दीड-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. वीर्यात शुक्राणू नसले, तरी काहींच्या बाबतीत वृषणाचा सूक्ष्म तुकडा घेऊन त्यातून शुक्राणू शोधता येतात. काही उपचारांत वृषणाभोवती शिशाची वाटी बसवून बाहेरून विखुरणारे किरण कमी करता येतात. या वाटा आहेत, पण त्या खर्चिक आणि अनिश्चित आहेत, आणि आधी गोठवून ठेवलेल्या नमुन्याची सर त्यांना येत नाही.

स्त्रियांचे गणित याहून कठोर आहे. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या आयुष्यातील सारी स्त्रीबीजे बीजांडकोशात असतात, नवी तयार होत नाहीत. दोन ग्रेपेक्षाही कमी मात्रेने त्यांतील निम्मी नष्ट होतात. जितके वय जास्त, तितकी शिल्लक कमी, आणि तितक्या लहान मात्रेने पाळी कायमची जाते. पुरुषांत शुक्राणू आणि संप्रेरक वेगवेगळ्या पेशी बनवतात. स्त्रीच्या बाबतीत मात्र बीज गेले की संप्रेरकही जाते, म्हणजे पंचविशीतच रजोनिवृत्ती, आणि तिच्यामागून हाडे ठिसूळ होणे, अंगातून वाफा येणे, हृदयाची काळजी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर ४५ ते ५० ग्रे देतात, आणि त्यावर आतून दिलेल्या किरणांची भर पडते. एवढ्या मात्रेत बीजांडकोश जागेवर राहिला तर तो काम करीत नाही, आणि गर्भाशयाचेही स्नायू व रक्तवाहिन्या आक्रसतात. ज्या मुलींना लहानपणी ओटीपोटावर किरण द्यावे लागले, त्यांचे गर्भाशय पुरेसे वाढत नाही. पुढे गर्भ राहिला तरी तो पडण्याची किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे होण्याची शक्यता वाढते.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या मुलीला १९ व्या वर्षी कमरेच्या हाडात गाठ निघाली. ती माउली जत तालुक्यातील, आठवीतून शाळा सुटलेली. तिने डॉक्टरांना सरळ विचारले, ‘डॉक्टर, लाईट दिल्यावर हिची पाळी येईल का? हिला मूल होईल का?’ त्या एका प्रश्नावरून डॉक्टरांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलावले आणि लाईटपूर्वी दुर्बिणीने मुलीचे बीजांडकोश झोताच्या बाहेर, पोटात वरच्या बाजूला सरकवून टाचले. तिला केमोथेरपीही मिळाली, आणि त्या औषधांचाही बीजांवर परिणाम होतोच, त्यामुळे सगळे निभावलेच असे आज कोणी म्हणू शकत नाही. पण वर्षभराने तिची पाळी परत आली. अशा मुलींसाठी स्त्रीबीजे किंवा लग्न झालेले असल्यास गर्भ गोठवून ठेवण्याचाही मार्ग असतो. त्याला मात्र साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून निदानाच्या आठवड्यातच हे बोलणे व्हावे लागते. मी त्या माउलीला भेटलो तेव्हा मान खाली घातली. आठवीपर्यंत शिकलेल्या बाईने जे विचारले, ते मी विचारले नव्हते.

थायरॉइडसाठी द्यायच्या किरणोत्सारी आयोडीनची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते पिण्याचे किंवा गिळण्याचे औषध असल्याने लोकांना त्यात ‘लाईट’ दिसत नाही. गर्भवतीला ते कधीही देत नाहीत, कारण साधारण दहा-बारा आठवड्यांनंतर गर्भाची थायरॉइड ग्रंथी ते आयोडीन ओढून घेते. अंगावर पाजणाऱ्या आईला पाजणे थांबवावे लागते. उपचारानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. त्या आयोडीनचा अर्धायुष्यकाल आठ दिवसांचा असतो, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत लहान मुलांच्या व गर्भवतींच्या शेजारी बराच वेळ बसू नये, अशी सूचना असते. सांगली स्टँडवरून भरलेल्या एसटीत गावी जाणाऱ्या माणसाला ही सूचना सुटी होण्याआधी नीट समजावून सांगणे आवश्यक आहे.

तपासण्यांविषयीची भीती मात्र बहुतेक वेळा अस्थानी असते. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत आयनीकारक, म्हणजे पेशींच्या जनुकांना इजा करू शकणारे, किरण मुळीच नसतात. सोनोग्राफी केंद्रातील मोठा फलक गर्भलिंगनिदानबंदीचा असतो, पण तो पाहून ‘या यंत्रात काहीतरी धोकादायक आहे’ असे मानणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मूल होत नाही म्हणून नळ्या तपासण्यासाठी जो एक्स-रे काढतात, त्यानेच मूल राहणार नाही, अशी समजूतही आहे. त्या तपासणीत बीजांडकोशाला मिळते ती मात्रा मोजक्या मिलिग्रेंची असते, आणि गर्भ असण्याची शक्यताच नसावी म्हणून ती पाळीच्या पहिल्या दहा दिवसांत करतात. पोट व ओटीपोटाच्या सिटीस्कॅनमध्ये सुमारे ८ ते १० मिलिसीव्हर्ट मिळतात. वंध्यत्व यायला लागणाऱ्या मात्रेच्या मानाने हे फारच कमी आहे.

पण सिटीस्कॅनचा प्रश्न तिथेच मिटतो असे मला म्हणायचे नाही. पेशीच्या जनुकाला होणारी इजा आणि त्यातून अनेक वर्षांनी होऊ शकणारा कर्करोग यांसाठी कोणतीही मात्रा पूर्णतः निर्धोक मानत नाहीत. १० मिलिसीव्हर्टच्या एका स्कॅनमुळे सुमारे दोन हजारांत एकाला आयुष्यात कधीतरी जीवघेणा कर्करोग होण्याची भर पडू शकते, असा अंदाज मांडला जातो. लहान मुलांच्या पेशी वेगाने वाढतात आणि त्यांच्यापुढे आयुष्यही मोठे असते, म्हणून त्यांच्यात हा धोका अधिक धरतात. ब्रिटनमधील मुलांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सिटीस्कॅनची मात्रा आणि रक्ताचा व मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला होता, जरी प्रत्यक्ष धोका लहानच होता. मुतखड्याच्या प्रत्येक कळेला नवा स्कॅन, मूल खेळताना पडले की लगेच डोक्याचा स्कॅन, डॉक्टर बदलला की जुने रिपोर्ट बाजूला ठेवून तीच तपासणी पुन्हा, या गोष्टींना म्हणून माझा विरोध आहे. जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवाव्यात आणि ‘यावर भागेल का, की सोनोग्राफीने भागेल?’ असे नम्रपणे विचारावे. गरज असलेला स्कॅन मात्र भीतीने टाळू नये. अपेंडिक्स फुटल्याचे नुकसान दोन हजारांत एक नसते.

लोक मला आणखी एक गोष्ट विचारतात: फोटो काढताना तंत्रज्ञ भिंतीआड जातो, मग आम्हाला का उघड्यावर ठेवतो? तो दिवसभरात पन्नास-साठ फोटो काढतो आणि वर्षानुवर्षे काढत राहतो, हे त्याचे कारण आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे, आणि तंत्रज्ञाच्या छातीवर लावलेला बिल्ला त्याला मिळालेली मात्रा मोजतो. रुग्णासाठी अशी मर्यादा नाही, कारण त्याला त्यातून फायदा मिळायचा असतो. तो फायदा खरोखर आहे का, हे ठरवण्याची जबाबदारी तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरवर असते. शिशाच्या पट्ट्याविषयीही मत बदलले आहे. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये रुग्णांच्या जननेंद्रियांवर सरसकट शिशाचे आवरण घालण्याची पद्धत थांबवावी, अशी भूमिका घेतली. आधुनिक यंत्रात मात्रा मुळातच कमी असते, आणि पट्टा झोतात आला तर यंत्र आपोआप मात्रा वाढवते किंवा हवा तो भागच झाकला जातो व फोटो पुन्हा काढावा लागतो. पट्टा दिला नाही म्हणून तंत्रज्ञाशी भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

शून्याचा अहवाल आल्यानंतर बंधूंना पडलेला पहिला प्रश्न वेगळाच होता. पुढे कधी शुक्राणू आलेच, तर त्यांपासून होणारे मूल सदोष होईल का? मी त्यांना हिरोशिमा-नागासाकीचे सांगितले. तेथे वाचलेल्या लोकांच्या सत्तर हजारांहून अधिक मुलांचा पिढीभर अभ्यास झाला आहे, आणि आईवडिलांना मिळालेल्या किरणांमुळे त्या मुलांत जन्मजात व्यंगे किंवा आनुवंशिक रोग वाढल्याचे आढळलेले नाही. कर्करोगाचा उपचार घेऊन नंतर आईबाप झालेल्यांच्या मुलांविषयीही असेच दिसते. उपचारानंतर काही काळ, डॉक्टर सांगतील तितका, मात्र थांबावे लागते. बंधू बराच वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनी पुतण्याला जवळ बोलावून, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, त्याच्याशी या विषयावर बोलायला सुरुवात केली.

दुसरी तपासणी २२ व्या महिन्यात झाली. त्यात दोन-तीन शुक्राणू दिसले, पण त्यांना हालचाल नव्हती. दरम्यान पलूसकडील एक स्थळ आले. वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की आजाराचे सांगावे, पण अहवालाचे आत्ताच बोलू नये. पुतण्याने ते मान्य केले नाही. तो मला बरोबर घेऊन गेला आणि मुलीच्या आईवडिलांसमोर त्याने दोन्ही कागद ठेवले. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. तिने कागद वाचले आणि एकच विचारले, ‘लाईटच्या आधी नमुना गोठवून ठेवला होता का?’ तो ‘नाही’ म्हणाला. तिने वेळ मागून घेतला आहे, नकार दिलेला नाही.

तिसरी तपासणी फळछाटणी उरकल्यावर, दिवाळीच्या सुमारास करायची ठरली आहे. हालचाल असलेले शुक्राणू दिसले, तर त्याच दिवशी ते गोठवून ठेवायचे, असे केंद्रातील डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवले आहे.